पोलादपूरच्या बंगल्यावरचा चॉकलेट टार्ट

ओव्हनचं दार उघडायला गेलो आणि ओव्हनचा तळच सुटून खाली आला. पत्रा गंजून त्याची पार चाळण झाली होती. सकाळचे आठ वाजले होते आणि दुपारी चारला चॉकलेट टार्ट टेबलावर हवा होता.

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी पोलादपूरच्या इन्स्पेक्शन बंगल्यावर, म्हणजे पाहणीला येणारे साहेब जिथे उतरायचे तिथे, टेंपररी खानसामा होतो. त्याआधी तीन वर्षं मुंबईत एका हॉटेलच्या बेकरीत होतो. वडील गेले, आई घरी एकटी पडली, म्हणून परत आलो. कायम झालो तर तिच्याजवळ राहता येणार होतं. नाहीतर पुन्हा मुंबई आणि एका खोलीत दहा जण.

घाटातला रस्ता बघायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांबरोबर त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. आमच्या ओव्हरसिअरसाहेबांनी त्यांच्यापुढे फुशारकी मारली, “आमचा सखाराम मुंबईच्या हॉटेलातला आहे. काय हवं ते करतो.” बाईंनी लगेच चॉकलेट आणि कॅरमलचा टार्ट सांगितला. मुंबईहून आणलेल्या चॉकलेटच्या वड्याही काढून दिल्या. फक्त अंडं चालणार नव्हतं.

ओव्हरसिअरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. “जमेल ना? जमलं तर तुझा कायमचा कागद आजच साहेबांपुढे ठेवतो. फजिती केलीस तर मला तोंड दाखवू नकोस.”

“जमेल की, साहेब.”

कसलं जमेल! टार्ट म्हणजे मैदा-लोण्याची खुसखुशीत, उथळ पारी. तिच्यात कॅरमल भरायचं, वर चॉकलेट ओतायचं. पाऱ्या मी हॉटेलात ढिगानं भाजल्या होत्या. कॅरमल म्हणजे साखर कोरडीच वितळवून तांबूस होईपर्यंत जाळायची आणि नेमक्या क्षणी त्यात साय घालायची. आमचा चीफ, म्हणजे बेकरीतला मुख्य आचारी, त्या कढईला कुणाला हात लावू देत नसे. मी लांबून बघितलं होतं, तेवढंच माझं शिक्षण.

तरी शेगडीवर करून बघितलं. पिवळं दिसलं म्हणून पाठ वळवून साय घ्यायला गेलो, तोवर कढईत कोळसा. अर्धी साखर गेली. उरलेली साखर, मैदा, लोणी, साय, चॉकलेट टोपलीत भरलं आणि सरळ घर गाठलं.

आई अंगणात वाल पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. पहिलं विचारलं तिनं, “अंडं हाय काय रे त्यात?”

“नाय.”

“मंग आण इकडं.”

का विचारलं, हे विचारायला मला फुरसत नव्हती.

ओव्हनची अडचण तिला अडचण वाटलीच नाही. काकडीचं धोंडस, म्हणजे आमच्याकडचा रव्याचा गोड केक, ती ज्या तोपात भाजायची तोच घेतला. तळाला वाळू, वाळूवर कल्हईच्या थाळीत माझी पारी, पारीवर कागद आणि मूठभर वाल, म्हणजे तळ फुगत नाही. वर झाकण, झाकणावर करवंटीचे निखारे. मी घड्याळ मागायला शेजारी निघालो, तर म्हणाली, “बस गप. वासानं कळतं.” झाकण काढलं तेव्हा पारी अशी बदामी झाली होती की हॉटेलच्या विलायती ओव्हनची मला लाज वाटली.

मग साखर. गावात लग्नघरी लाडवाच्या पाकाला तिलाच बोलावत. पण हे ऐकून ती हबकली. “साखर जाळायची? मुद्दाम? मुंबईची माणसं येडी हायत काय रे?”

“जाळायची, पण करपू द्यायची नाय.”

एवढ्यावर तिला समजलं. कढईवर वाकून ती नुसती बघत राहिली. साखर वितळली, पिवळी झाली. अजून कुठे तांबूस होते आहे, तोच तिनं कढई उतरवली.

“अगं, अजून नाय झाली!”

“कढई चुलीवरनं काढली तरी इस्तव तिच्या पोटात असतोच. थांब जरा.”

आणि खरंच, खाली ठेवलेल्या कढईत साखर आपोआप तांबडी होत गेली. “घाल!” ती ओरडली. मी साय ओतली. कढई फुसफुसली, फेस वर आला, खाली बसला आणि मधासारखं चकचकीत कॅरमल तयार झालं. माझ्या अंगावर काटा आला. चीफला कमवायला वीस वर्षं लागली ते या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं, तेही चॉकलेट म्हणजे काय हे माहीत नसताना.

कॅरमल पारीत भरलं, वर वितळवलेलं चॉकलेट ओतलं. थंडीचे दिवस, तरी थाळी विहिरीच्या पाण्यात ठेवून गार केली. आंघोळ करून, बटणांचा पांढरा कोट चढवून मी परत आलो, तर टार्टला एक फोड कमी. फोड देव्हाऱ्यात, वर तुळशीचं पान.

“आई! काय करून ठेवलंस गो हे?”

“ओरडतोस काय? देवाला दाखवल्याबिगर गोडाधोडाचं घराभाईर जातं काय? आन् तुझ्या नोकरीसाठीच दाखवलं.”

आता हिला काय बोलायचं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागानं की कशानं, देव जाणे.

बंगल्यावर ओव्हरसिअरसाहेब थाळी बघून पांढरे पडले. “उंदरानं खाल्लं काय? सगळ्याच्या फोडी कर, कळणार नाही!” मी सुरी उचलली तोवर बाईच आत आल्या. मागोमाग साहेब.

“एक फोड कुठे गेली?”

“आईनं देवाला दाखवली, बाईसाहेब.”

मी दोघांसाठी फोडी कापल्या. देवाचं म्हणून बाईंनी पायांतल्या चपला काढल्या. उजव्या हातात फोड घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. मग म्हणाल्या, “असं कॅरमल मी मुंबईत खाल्लेलं नाही. कसं केलंस?”

ओव्हरसिअरसाहेबांनी माझ्या पायावर पाय दिला. मी केलं म्हटलं असतं तर काम झालं होतं. पण त्या कढईपुढे माझ्या अंगावर काटा आला होता, तो कुठे लपवू?

“मी नाही केलं. आईनं केलं. मला येत नाही.”

साहेबांनी फोड संपवली. “ओव्हरसिअर, याचा कागद आणा.” बडतर्फच, म्हटलं. साहेबांनी सही केली, खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: कायम करावे, कॅरमल आईकडून शिकून घेण्याच्या अटीवर.

ती अट पुरी करायला मला दीड वर्ष लागलं. आईनं शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच: जे आपल्याला येत नाही ते साहेबापुढे आधीच कबूल करावं. नाहीतर पुढच्या पाहणीला ते एकट्याला करून दाखवावं लागतं.