चिखल मंडळाच्या उंच गाड्या

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं साठतात तसे ते साठत जातात. एक दिवस झाडायला घ्यावं, तर निम्मी गाडी त्यांनीच भरलेली!

आमच्या मंडळाचं तसंच झालंय. मंडळाचं नाव 'चिखल मंडळ'. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आम्ही चिखलाच्या नावानं मंडळ काढलं! नाव सर्जेरावनं ठेवलं, अध्यक्षही तोच. सर्जेराव पाचोडकडचा, घरी मोसंबीची बाग, शहरात बांधकामाची कंत्राटं. दुसरा कांबळे, बँकेत अधिकारी, बोलणं मोजकं आणि कपड्यांना कडक इस्त्री. तिसरा मी, गारखेड्यात माझं मेडिकल स्टोअर आहे. तिघांकडं तीन जिपा. रविवारी सकाळी डोंगराकडं निघायचं, गाड्या दगडधोंड्यांतून काढायच्या आणि खुलताबादला चहा पिऊन परत यायचं, एवढाच मंडळाचा कार्यक्रम.

आता मोईनभाई. पडेगावच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. गाडीला 'लिफ्ट' करून देणं ही त्यांची खासियत. म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअब बदलून गाडी आहे त्यापेक्षा वर उचलायची, आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घालायचे. सर्जेराव आणि कांबळे दोघांनीही ते करून घेतलं. माझी गाडी शोरूममधून आणली तशीच आहे. मंडळात तिला 'बुटकी' म्हणतात.

*

लिफ्ट झाल्यावर सर्जेरावनं पेढे वाटले आणि म्हणाला, "पहिली फेरी आईची. सोमवारी घृष्णेश्वराला जाऊ."

आई नऊवारीतल्या, गुडघ्यांनी बेजार. गाडीचा दरवाजा उघडला, तर आत पाय ठेवायची जागा आईंच्या कमरेला लागत होती! मग घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. एका बाजूनं सर्जेराव, दुसऱ्या बाजूनं मी, मागं कांबळे "आई, हळू... आई, जोर लावा" करतोय. कशाबशा चढल्या.

वेरूळला पोचलो तेव्हा लक्षात आलं, स्टूल अंगणातच राहिलं.

आईंनी दरवाजा उघडला. विहिरीत डोकावावं तसं खाली पाहिलं. दरवाजा परत लावून घेतला.

"तू जा. बेल वाहून ये."

"अगं आई, इथवर आलो अन् दर्शन नाय घ्यायचं?"

"दर्शन झालं की! कळस समोरच दिसायलाय. एवढ्या उंचावरनं तर पुजाऱ्याला बी दिसत नसंल!"

*

कांबळे नियमानं चालणारा माणूस. सिग्नलला पट्ट्याच्या आत थांबतो, हॉर्न वाजवला तर मनातल्या मनात माफी मागतो. टायर बदलल्यापासून मात्र तो सगळीकडं लवकर पोचायला लागला. आम्हाला वाटलं, बँकेत बढती मिळणार असेल.

मग एकदा जालन्याच्या हायवेला पोलिसांनी हात केला. स्पीड गनमध्ये वेग जास्त आला होता.

"शक्यच नाही साहेब. मीटरवर काटा ऐंशीच्या वर गेलाच नाही."

आता त्यात कांबळेचं खोटं काहीच नव्हतं. गाडीचं मीटर फक्त चाकाचे फेरे ओळखतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त लांब जाते, मीटर बिचारं जुन्याच हिशेबात बसलेलं असतं. कांबळेनं हे सगळं त्या हवालदाराला नीट, शांतपणे, हातानं गोल काढून समजावलं.

हवालदारानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं मीटर बी खरं, आमची गन बी खरी."

"अगदी बरोबर!"

"अन् खोटं फक्त टायर."

"हो साहेब."

"मग पावती कुणाच्या नावानं फाडू? पुढच्या का मागच्या?"

*

लिफ्टनंतर कांबळेच्या गाडीचं स्टिअरिंगही बिघडलं. सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडं झुकायची, कधी उजवीकडं. आणि वेगात असताना एखाद्या खड्ड्यातून चाक गेलं की स्टिअरिंग असं थडथडायचं, की कांबळेचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. पुढच्या चाकांचा कोन लिफ्टमुळं बदलतो, तो परत जुळवून घ्यावा लागतो. मोईनभाईंनी तो जुळवला नव्हता.

कांबळे तक्रार घेऊन गेला. मी सोबत होतो. मोईनभाई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "कुछ नहीं साब. नयी नयी है, शरमा रही. जरा आदत होने दो."

"मोईनभाई, तुम्ही एकदा चालवून तर बघा."

"हौ, चलो ना!"

मोईनभाई स्टिअरिंगवर, कांबळे शेजारी, मी मागं. दौलताबादच्या दिशेनं निघालो. मोईनभाई एका हातानं गाडी चालवत लिफ्टचे फायदे सांगत होते. एवढ्यात खड्डा आला. स्टिअरिंग थडथडलं! मोईनभाईंचा दुसरा हात आपोआप स्टिअरिंगवर आला. लिफ्टचे फायदे राहिले बाजूला. गाडीनं एकदा उसाच्या ट्रॉलीकडं पाहिलं, एकदा लिंबाच्या झाडाकडं पाहिलं, आणि कसाबसा वेग कमी होऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मोईनभाई खाली उतरले. रुमालानं कपाळ पुसलं. किल्ली कांबळेच्या हातात ठेवली.

"एकदम फर्स्ट क्लास चलरी साब. लेके आओ गॅरेज पे."

"आणि तुम्ही?"

मोईनभाईंनी येणाऱ्या रिक्षाला हात केला होता.

"मैं आताऊँ पीछे से!"

*

मोठ्या टायरांनी गाडी जड होते. इंजिन मात्र तेवढंच असतं. सपाटीला कळत नाही, चढाला कळतं.

म्हैसमाळच्या घाटात सर्जेराव पुढं होता, मी बुटकीतून मागं. त्याच्या गाडीवर पुढं अडकलेल्या गाड्या ओढायची केबल, वर दिव्यांची रांग, बाजूला फावडं, मागं 'रस्ता संपतो तिथं आम्ही सुरू होतो' असं लिहिलेलं. रस्ता संपायचा होता, त्याआधीच सर्जेरावची गाडी संपत आली! पहिला गिअर, इंजिनचा आक्रोश, क्लचचा जळका वास. मागं रांग लागली.

मागून एक काळीपिवळी आली. आत माणसं, बाहेर माणसं, टपावर माणसं, आणि टपावरच्या एकाच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी. तिनं आरामात आम्हाला ओलांडलं. सर्जेरावच्या बरोबरीला आल्यावर ड्रायव्हरनं वेग कमी केला, मान बाहेर काढली आणि अगदी मनापासून विचारलं,

"भाऊ, टोचन करू का?"

सर्जेरावनं काच वर केली.

*

चिखलाचे टायर घेतले आणि पाऊस काही येईना. कोरड्या मातीवर काढलेले फोटो सर्जेरावला पसंत नव्हते. "टायर बघून माणसाला चिखल आठवला पायजे," असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं बीड बायपासजवळच्या स्वतःच्या मोकळ्या प्लॉटवर पाण्याचा टँकर बोलावला.

आम्ही कॅमेरा घेऊन तयार. टँकर कोपऱ्यावरून वळला, आणि त्याच्या मागं सगळी कॉलनी वळली! हंडे, बादल्या, पिंप, एका बाईकडं तर कुकर. कुणी काही विचारलंच नाही. टँकर आला म्हणजे आपलाच, ही इथली पद्धत.

सर्जेराव ओरडतोय, "ओ ताई, हे पाणी प्यायचं नाय, हे चिखलाचं हाय!"

एक आजीबाई हंडा कमरेवर घेत म्हणाल्या, "असू दे रे बाबा, आम्ही गाळून घेऊ."

प्लॉटवर एक थेंब पडला नाही. उलट सर्जेरावला तीन हंडे उचलून द्यावे लागले.

*

सर्जेराव पाचोडच्या आठवडी बाजारातून गाडी घेऊन चालला होता. आपल्या गावात आपली उंच गाडी, त्यात बाजाराचा दिवस! एका हातानं रामराम घेतोय, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग. समोर शेळी आडवी आली. त्यानं ब्रेक मारला. पूर्वी जिथं थांबायची तिथं गाडी थांबलीच नाही. चाकं मोठी आणि जड, ब्रेक मात्र जुनेच. शेळी शहाणी, ती निघून गेली. गाडी सरपटत पुढं गेली आणि बरोबर कोथिंबिरीच्या ढिगात जाऊन थांबली. ढिगामागं बसलेली म्हातारी आणि पुढचं चाक यांच्यात वीतभर अंतर होतं.

सर्जेरावनं गाडी बंद केली. उतरायला दरवाजा उघडला, तर जमीन कुठं आहे तेच कळेना.

म्हातारी मात्र जागची हलली नाही. तिनं आधी चाक खालून वर पाहिलं. मग सर्जेरावला वरून खाली पाहिलं. तिनं त्याला ओळखलं.

"व्हय रं सर्ज्या, चाक एवढं मोठं झालं, अन् थांबायची अक्कल नाय आली त्याला?"

सर्जेरावनं सगळी कोथिंबीर विकत घेतली. पुढचा आठवडाभर मंडळात कोथिंबीरवडी होती. त्याच आठवड्यात त्यानं ब्रेक बदलून घेतले. टायर मात्र तेच.

*

आता हा शेवटचा. मी स्वतः समोर उभा होतो.

सर्जेरावची बायको, सुनंदा वहिनी, शाळेत गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. "गाडी उंच केली की भार वर जातो. भार वर गेला की ती कलंडणार. यात न कळण्यासारखं काय आहे?" सर्जेरावचं उत्तर ठरलेलं असायचं, "ते पुस्तकात. डोंगरात वेगळं असतंय."

एका रविवारी तो हट्टानं त्यांना घेऊन आला. म्हैसमाळच्या अलीकडं गवताचा एक उतार आहे. बुटकी सरळ चढवून मी वर जाऊन उभा राहिलो. कांबळेही आला. उतारावर गाडी सरळ चढवायची नाहीतर सरळ उतरवायची, आडवी न्यायची नाही, हे आमच्या घरचं लहान पोरही सांगेल. सर्जेरावनं ती आडवी घातली. "बघ आता," असं तो वहिनींना म्हणाल्याचं आम्हाला वरून ऐकू आलं.

डावीकडचं चाक दगडावर चढलं. गाडी उजवीकडं झुकली. डावीकडची दोन्ही चाकं हवेत आली, क्षणभर तशीच राहिली. मग एखादी म्हैस बसावी तशी गाडी सावकाश उजव्या कुशीवर आडवी झाली.

इंजिन बंद पडलं. वरचं एक चाक नुसतंच फिरत राहिलं. पेट्रोलचा वास आला. आम्ही दोघं खाली पळत सुटलो. कांबळे दोनदा पडला. आतून काही आवाज येत नव्हता. मी औषधं विकणारा माणूस, पण त्या वेळी मला एका औषधाचं नाव आठवेना. 

काचेपाशी पोचलो. आत पाहिलं. दोघंही धडधाकट होते. सर्जेराव खाली, उजव्या दारावर पडलेला, हलायला जागा नाही. त्याच्या बरोबर वर, सीट बेल्टला लटकलेल्या सुनंदा वहिनी. केस सुटलेले, चष्मा जागेवर. त्यांचा अंगठा बेल्टच्या लाल बटणावर होता.

"वहिनी, थांबा, बटण दाबू नका!" कांबळे ओरडला. "आम्ही वरून दार उघडतो."

वहिनींनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली पाहत, वर्गात विचारावं तसं त्यांनी शांतपणे विचारलं,

"लिफ्ट काढणार का नाही?"

सर्जेरावनं वर पाहिलं. त्या बटणाकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. मंडळाचा अध्यक्ष होता शेवटी.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

आतून एकच आवाज आला.

खट्!