विकलेली किंकाळी

पूल ओलांडला तरी तिच्या हाताचं रक्त थांबेना. एक हात आधीच प्लास्टरमध्ये, दुसऱ्याची ही गत. मी माझा रुमाल आवळून बांधला आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो. बसने जाऊ म्हटलं, तर तिने मानेनंच नाही म्हटलं. बसमध्ये कुणाच्या तरी हातात फोन असणार आणि त्या फोनमधून ती स्वतः ओरडणार, ही तिची धास्ती.

ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते. इमारतीत तिला मुकी म्हणतात. बोलता तिला चांगलं येतं, पण नवरा मारतो तेव्हा तोंडातून ब्र काढत नाही, म्हणून हे नाव. पट्ट्याने फोडलं, केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, तरी दातावर दात. घरातला आवाज बाहेर गेला तर बाईचीच अब्रू जाते, हे आईने गाठीशी बांधून दिलेलं.

आणि पोट भरायची ती आवाजावरच. परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेतले आवाज चढवतात, तशा एका स्टुडिओत ती गर्दीतली बाई व्हायची. बाजाराचा गलका, हुंदके, मढ्याभोवतीची रडारड. एकदा एका सिनेमात बाईचा खून होता. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मोकळं ओरडा. तिला जमेना. मग काचेपलीकडून तो सहज बोलून गेला, "बाई, ही खोली बंद आहे. इथलं बाहेर काही जात नाही."

तेवढं ऐकलं आणि इतक्या वर्षांचं आत तुंबलेलं फुटून आलं. रेकॉर्डिस्टने कानांवरचे हेडफोन भिरकावले. ती मटकन खाली बसली. हलकं वाटत होतं, देवापुढे रडून उठल्यावर वाटतं तसं. त्या दिवशीचा ठरलेला रोज तिने घेतला, नेहमीच्या कागदावर नेहमीसारखी सही केली. तेव्हापासून स्टुडिओत ती किंकाळीवाली झाली. भाजीवाली असते, तशी.

ती किंकाळी स्टुडिओने आवाजांचा धंदा करणाऱ्या एका कंपनीला विकली. कंपनीने इंटरनेटवर दुकान मांडलं, थोडे पैसे टाका आणि उचला. पुढे फुकट्यांनी तेही टाकले नाहीत. किंकाळी सिनेमांत गेली, डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत गेली. मुकीला मात्र कामाचं बोलावणं येईना. आयती किंकाळी असताना बाईला रोज कोण देतो? नंतर मशीन आलं. त्या एका किंकाळीतून ते म्हातारीची काढतं, शाळकरी पोरीची काढतं. तिच्याच आवाजाने तिच्या पोटावर पाय दिला.

तेही तिने सोसलं असतं. पण नवऱ्याच्या फोनवर एक खेळ आला. अंधाऱ्या घरात लपलेल्या बायका शोधायच्या आणि कुऱ्हाडीने तोडायच्या. प्रत्येक बाई मरताना तीच किंकाळी. पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा अख्खा जिना धावत आला, दार फोडायचंच बाकी होतं. नवऱ्याने दार उघडून फोन दाखवला. सगळे हसले, परत गेले. मुकी ओट्याशी पांढरीफटक उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहून नवऱ्याला कळलं, आवाज कुणाचा ते.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. "इथे तोंड शिवून बसतेस आणि तिथे पैसे घेऊन ओरडतेस," म्हणत तो आवाज मोठा करून खेळायचा. वॉचमन त्याला जाता-येता विचारायचा, "काय साहेब, आज किती मारल्या?"

गेल्या आठवड्यात मी लेकीकडे होते. त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. बोटं कडाकडा मोडली. आणि त्या घरात, जन्मात पहिल्यांदा, तिने किंकाळी फोडली. कुणी आलं नाही. समोरच्या काकांचा आवाज तेवढा आला, बंद दाराआडून.

"अरे, आवाज कमी कर की जरा."

नवरा पोट धरून हसला. मग त्याने तिला पुन्हा मारलं, आता निवांत. पोलिसांना तो म्हणाला, दार वाऱ्याने लागलं. शेजारी म्हणाले, आवाज होता, पण तो फोनचा, रोजचाच.

म्हणून आज आम्ही स्टुडिओत गेलो होतो. पैसे नकोत, ती किंकाळी तेवढी सगळीकडून काढून टाका, एवढंच तिचं म्हणणं. रेकॉर्डिस्ट वाईट माणूस नाही. त्याने चहा मागवला, समजावून सांगितलं. गळा तुमचा, पण रेकॉर्डिंग स्टुडिओचं, तसं कागदावर आहे. आणि तेही विकून झालं. कंपनीवाल्यांनी पुढे कुणाकुणाला दिलं, याचा पत्ता त्यांनाही नाही. सांडलेलं तेल बुधल्यात परत भरता येतं का? त्यापेक्षा नवी किंकाळी द्या, या खेपेला करार नीट करू.

मुकीने माइकची लोखंडी दांडी उचलली आणि समोरच्या स्क्रीनवर घातली. एकदा नाही. काचेने धड राहिलेला हात फाटला तरी ती घालतच राहिली, तोंडाने अवाक्षर नाही. रेकॉर्डिस्ट भिंतीला चिकटून विचारत होता, याचे पैसे कोण भरणार?

"माझ्या किंकाळ्यांतून वळते करून घ्या," ती धापा टाकत म्हणाली.

आता आमची गल्ली दिसायला लागली होती. मी तिला म्हटलं, आज माझ्याकडेच राहा. ती म्हणाली, खोली माझ्या वडिलांची आहे, मी का सोडू? मी म्हटलं, देवाला हाक मार, तो ऐकतो.

"तो ऐकेल ताई, पण जिन्यावरचे? ते म्हणतील टीव्हीवर मालिका लागलीय." ती थांबली. रुमाल पार भिजला होता. "किंकाळी काही आता माझी राहिली नाही. पण त्या खेळातली बाई कुणाचं नाव घेत नाही. यापुढे मी तुमचं नाव घेऊन ओरडेन. ताई नव्हे, पूर्ण नाव. ते ऐकलंत की फोन समजू नका. लाटणं घ्या, वरवंटा घ्या, हाताला लागेल ते घ्या, पण खाली या. याल?"