हाराला वजन असतं

जयवंताबाईंनी सिनेमातला उडणारा हत्ती मान्य केला होता. वाघाच्या पाठीवर बसून नदी ओलांडणारा राजाही चालवून घेतला. "सिनेमा हाय," त्या म्हणाल्या, "उडू द्या." बिनसलं ते हारावरून.

अकोल्यातल्या एका जुन्या टॉकीजसमोर त्यांचं फुलांचं दुकान. फुलं मूर्तिजापूरकडच्या घरच्या मळ्यातली. नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाआधी हिरोच्या कटआउटला एकवीस हातांचा झेंडूचा हार चढायचा, तो त्यांचाच. सव्वीस वर्षं. हार चढला की टोपल्यांवर ओलं फडकं टाकून बाई आत जायच्या. बाहेर येऊन निकाल सांगायच्या. अमक्याला रडता येत नाही, नुसता डोळे चोळतो. तमकी गप्प असते तेव्हाच खरी बोलते. पोरं दुकानापुढे उभी राहून ऐकायची.

या खेपेला शेजारच्या रागिणीने मोबाईल समोर धरला. बाईंनी डोक्यावरचा पदरही सारखा केला नाही.

"राजा घोडा दौडवून राह्यला. गळ्यात हार हाय. हार हालत नाई, एक पाकळी पडत नाई. कम्प्युटरचा हार हाय थो. हत्ती नसंन भेटला, मान्य. झेंडू बी नाई भेटला काय तुमाले?"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अमरावतीपर्यंत फिरला. दुसऱ्या दिवशी फॅन क्लबचा मनोज पाच-सहा पोरं घेऊन दुकानावर आला.

"मावशी, आमच्या हिरोची इज्जत काढली तुमी."

"हाराची काढली. हिरो बरा हाय. दम लागला की नाक फुगते त्याचं. थे खरं हाय."

"माफीचा व्हिडिओ टाका. नाई तं पुढच्या सिनेमाले तुमचा हार चढत नसते."

बाईंची सुई थांबली. नवरा गेला त्या महिन्यातही हार चुकला नव्हता. या रस्त्यावर त्यांना कुणी जयवंता म्हणत नसे. हारवाली म्हणत.

त्या उठल्या. लग्नासाठी गुंफलेला जाड हार त्यांनी खुंटीवरून काढला आणि मनोजच्या गळ्यात घातला.

"त्या खांबापर्यंत पय."

"काहून?"

"पय तं खरी."

पोरांनी ढकललं तसा मनोज पळाला. हार गुडघ्यांवर आपटला, एका खांद्यावर गेला, परत छातीवर आला. खांबापर्यंत रस्ताभर पाकळ्या पडल्या. पोरं हसली. मनोज धापा टाकत परतला. त्याचं नाक फुगलं होतं.

"पाह्य," बाई म्हणाल्या. "तुह्या हिरोपेक्षा तू बरा दिसला."

मनोजने हार काढून फळीवर टाकला. "माफी मांगता का नाई?"

"नाई."

दोन महिन्यांनी नवा सिनेमा लागला. मनोजने अमरावतीहून प्लास्टिकचा हार आणला. पिवळाधमक. कधीच न सुकणारा. ढोल वाजला, शिडी लागली, हार चढला. जयवंताबाईंनी सकाळीच एकवीस हात गुंफून ठेवले होते. कुणी मागितले नव्हते. हार फळीवर ओल्या फडक्याखाली होता.

वारं सुटलं. प्लास्टिकचा हार फडफडत वर गेला आणि हिरोच्या डोळ्यांवर बसला. पोरांनी बांबूने खाली ओढला. पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा ढोल थांबला. फोटो काढणाऱ्यांनी मोबाईल खाली घेतले.

मनोज रस्ता ओलांडून आला. फळीकडे पाहत म्हणाला, "मावशी, द्या."

बाईंनी कमरेचं तिकीट काढून पाहिलं. टोपल्यांवर फडकं टाकलं.

"सिनेमा पाहून येतो. मंग ठरवतो."

"लोकं थांबून हायेत, मावशी."

"थांबू दे. सव्वीस वर्षं म्या न पाहता चढवला."

आणि त्या आत गेल्या.