शकीलभाईंचं नाक आणि बाबारावांचा चमचा

शकीलभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाण्यातून, आणि पाणी माझ्याच डोळ्यांचं होतं. दिग्रसच्या स्टँडाजवळ त्यांच्या हॉटेलात तर्रीपावाचा पहिला घास घेतला आणि माझ्या दोन्ही कानांतून अशी शिट्टी निघाली, की पुसदच्या कंडक्टरनं घाबरून डबल बेल मारली. मधोमध चिरलेला पाव, पोटात कुस्करलेला आलूबोंडा, वर पळीभर लालभडक तर्री आणि कच्चा कांदा. बायकोला शेवटचा निरोप द्यायला मी तोंड उघडलं, तर बाहेर पडलं, ‘अजून एक द्या.’ मेंदीनं रंगवलेल्या दाढीचा तो पहाडासारखा माणूस म्हणाला, “पहिले रडून घे, भाऊ. मंग देतो.”

पुढची पंधरा वर्षं मी नेमानं तिथं रडायला जात होतो.

शकीलभाई तर्री चाखत नसत. तर्रीच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, नाक धरत, डोळे मिटत, ‘मीठ मागते’ म्हणत आणि चिमूटभर टाकत. रमजानात तर रोजाच असे. तेव्हा दारावर पडदा लागे आणि शेजारच्या पानठेल्यावरचे बाबाराव नवरदेवासारखे येऊन पहिला चमचा चाखत. ‘बरोबर आहे,’ असं त्यांनी म्हटल्याशिवाय पहिली प्लेट जात नसे.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर शकीलभाईंना ताप आला. ताप गेला, तो जाताना नाक घेऊन गेला. वास नाही, चव नाही. पडद्यामागे नेऊन हे त्यांनी फक्त मला सांगितलं. बायकोला, हुस्नाबींना, कळू द्यायचं नव्हतं, कारण शकीलभाईंच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून त्या आधीपासूनच हॉटेल बंद करा म्हणत होत्या.

“घरी बसलो तं मी मरून जाईन,” ते म्हणाले.

मग या पहाडानं नाकात हिंग कोंबला. कापूर हुंगला. नाकाशी कांदे फोडले. एकदा मूठभर मिरच्या चावल्या आणि डोळ्यांतून धार लागली, तेव्हा आम्ही दोघं हरखलो. पण नुसती आगच होती, चव नव्हती. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल.

ईद झाली तरी बाबारावांचा चमचा चालूच राहिला. त्यांना वाटलं, आपला मान वाढला. रोज यायचे, चाखायचे, ‘बरोबर आहे’ म्हणायचे. तर्री मात्र एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. मी पोचल्यावर सांगे, पण तोवर पहिली वीस गिऱ्हाइकं उठून गेलेली असत. कापसाच्या जिनिंगचे मजूर हळूहळू समोरच्या गाडीवर जायला लागले.

एका दुपारी एकानं अर्धा पाव तसाच ठेवला आणि निघून गेला. शकीलभाईंनी तो उष्टा पाव उचलला आणि उभ्यानं सगळा खाल्ला, चावून चावून, हरवलेलं काही शोधावं तसा. मग बाबारावांना बोलावलं.

“हात जोडतो, बाबाराव. खरं सांग, काय बिघडलं?”

बाबारावांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. “मले कायले विचारतं? खर्र्‍यानं जीभ जाऊन मले धा वर्सं झाली. मीठ समजतच नाही.”

“मंग रमजानात काय सांगे तू?”

“बरोबर आहे म्हणो. तुह्या हातचं कधी चुकलं काय?”

 शकीलभाईंनी शेगडी बंद केली. संध्याकाळी हुस्नाबींना स्वतःच सगळं सांगितलं.

पोळ्याच्या आत हॉटेल बंद झालं. शकीलभाई आता जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतात; नाक अजून परतलेलं नाही. त्यांचा रक्तदाब वाढला आहे, म्हणून हुस्नाबी डब्यात मीठ घालत नाहीत.