अजून थोडं ओढा

माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, सत्तावीस वर्षं रबराच्या कारखान्यात एकच काम केलं. दवाखान्यांसाठी बनणाऱ्या पातळ रबराची अरुंद पट्टी कापायची, यंत्राच्या दोन चिमट्यांत धरायची आणि ती कितपत ताण सोसते ते बघायचं. त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नसे.

मग नवे साहेब आले. त्यांनी रुंद तुकडे ताणायला सांगितले. पहिलाच तुकडा ताणला आणि मधोमध, ओढीच्या दिशेने, लांबच लांब सुरकुत्या पडल्या.

"बाई, कापताना हात थरथरतो तुमचा. सोमवारपासून पॅकिंगला बसा."

माझ्या डायरीत त्या शनिवारच्या पानावर मी एवढंच लिहिलंय : वन्संनी चहा घेतला नाही.

रविवारी घरी त्यांनी टाकाऊ रबराचा एक रुंद तुकडा चौकोनी पाटीच्या कडेने कापला. त्याची टोकं माझ्या दोन लाकडी फूटपट्ट्यांवर गुंडाळली. एक मी धरली, एक त्यांनी. ओढलं. सुरकुत्या!

"वन्सं, पाटी वाकडी असेल."

"हो, आणि तुझं नाक सरळ! परत कापते."

तीनदा कापला, तीनदा सुरकुत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, ताणलं की रबर रुंदीत अंग चोरतं. टोकं आपण गच्च धरलीत, त्यांना आकसता येत नाही. मधल्या भागाला मात्र आकसायचंय. त्या ओढाताणीत तो चुरगळतोय. अरुंद पट्टीत हे कधी दिसलंच नाही. ओढ बघू अजून."

"तुटेल हो!"

"तुटू दे. जेवलीस ना दुपारी?"

मी पाय रोवून ओढलं. सुरकुत्या फिकट झाल्या आणि बघता बघता नाहीशा झाल्या. रबर आरशासारखं सपाट.

सोमवारी त्या पॅकिंगला गेल्या नाहीत, थेट यंत्राशी उभ्या राहिल्या. "साहेब, तुकडा तुम्हीच कापा."

साहेबांनी मापून कापला, ताणला. तशाच सुरकुत्या. त्यांचा हात हँडलवर थांबला.

"अजून थोडं ओढा," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी हँडल आणखी फिरवलं. सुरकुत्या गेल्या. मग त्यांनी तपासणीची वही वन्संपुढे सरकवली. "करा सही."

संध्याकाळी वन्संनी चपला काढल्या, माझ्या फूटपट्ट्या न्याहाळून बघितल्या. "वाकल्या नाहीत गं. चहा टाक."