सीझरचा दहीभात

कुत्रं नवसूच्या हाती देताना प्रधानसाहेबांनी एकच बोट वर केलं. "एक वर्ष देतो. ठाण्याच्या स्पर्धेत नीट पळला तर इथंच राहील. नाही पळला तर भिवंडीच्या गोदामावर साखळीला बांधायला देऊन टाकीन."

नवसू म्हणाला, "हो साहेब."

कुत्र्याचं नाव सीझर. नाव मोठं आणि लक्षण खोटं म्हणतात ते अगदी असं. जातिवंत अल्सेशियन, अंगाने वासराएवढा, आणि काळीज चिचुंदरीचं! पत्र्यावर कैरी पडली की स्वारी खाटेखाली. कुणी शिंकलं तरी शेपूट पोटात. आणि याने म्हणे हजार माणसांपुढे उड्या मारायच्या, पाइपातून पळायचं, फळीवरून चालायचं. ठाण्याला तशी कुत्र्यांची स्पर्धा भरायची, आणि साहेबांना तिथला कप हवा होता. मुंबईच्या माणसाला काय हवं होईल, देव जाणे.

नवसू हा शेणव्याच्या रस्त्याला असलेल्या साहेबांच्या फार्महाउसचा राखणदार. पन्नाशीचा गडी. मागच्या वाडीत त्याचं घर, घरात बायको बाईजा. दोघांना एकच पोरगा होता, अनंता. नव्याण्णव साली ठाण्याला पोलीस भरतीच्या धावेत तो पडला, तो उठलाच नाही. त्याला आता पाच वर्षं होत आली होती. तेव्हापासून नवसूला काही वाटेनासंच झालं होतं. विंचू डसला असता तरी 'डसला' एवढंच म्हणाला असता. रडायचं राहून गेलं ते गेलंच. बाईजाशीही तो कामापुरतं बोलायचा, आणि तीही तेवढंच.

पण खरं सांगायचं तर भित्र्या कुत्र्याला असलाच माणूस लागतो. साहेब ओरडायचे, लाडही करायचे, आणि दोन्हींनी सीझर बिचकायचा. नवसूचा आवाज चढायचाही नाही आणि उतरायचाही नाही. त्याने घाईही केली नाही, कारण त्याला कुठे पोचायचंच नव्हतं.

साहेब मुंबईहून कुत्र्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्यांची गोण पाठवायचे. सीझर ती हुंगून तोंड फिरवायचा. नवसूने त्यात नाचणीची भाकरी कुस्करली, वर भाजलेलं सुकट चुरून टाकलं. पठ्ठ्याने थाळी चाटून लख्ख केली. मग नवसूने ते खाणं थाळीत घालणंच बंद केलं. विहिरीपाशी सिमेंटचा एक मोठा पाइप पडला होता. पहिल्या दिवशी घास पाइपच्या तोंडाशी ठेवला. चार दिवसांनी वीतभर आत. मग हातभर. कुत्रं मागे सरलं की नवसू नुसता बिडी ओढत बसायचा. महिन्याभराने सीझर या तोंडाने शिरून त्या तोंडाने निघायला लागला, आणि नवसूच्या हातातला घास घ्यायला लागला. बांबूवरची उडी तशीच शिकवली. पाण्याच्या पाटावरची फळी तशीच.

गर्दीची भीती घालवायला त्याने सीझरला म्हसा गावच्या जत्रेत नेलं, विटांच्या टेम्पोत बसवून. नवा गोऱ्हा बुजू नये म्हणून आधी लांबून बाजार दाखवतात, तसं. पहिल्या दिवशी लांब बांधावर बसून भाकरी चारली. दुसऱ्या दिवशी बैलांच्या दावणीपाशी. तिसऱ्या दिवशी पाळण्याखाली, भोंग्यांच्या कलकलाटात! सीझर थरथरत होता, पण खात होता.

"बाबा, येवढं तर कोण पोरालाबी भरवत नाय," एक म्हातारी हसून म्हणाली.

नवसूने तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा घास मोडला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहेब आले. सीझरला पाइपमधून सुसाट पळताना पाहून खूश झाले. जाताना बजावून गेले, "उद्या सकाळी याला काही घालायचं नाही. पळायचंय, पोट हलकं राहू दे."

"हो साहेब," नवसू म्हणाला. पण ते शब्द त्याच्या कानात रुतून बसले, कारण ते त्याचेच होते.

अनंता भरतीला निघाला त्या पहाटे बाईजा चूल पेटवायला उठली होती. नवसूनेच तिला थांबवलं. "चूल नको पेटवू गो. पळायचंय त्याला, पोट हलकं राहूं दे." पोरगा तांब्याभर पाणी पिऊन निघाला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, त्याचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं, खाण्या-न खाण्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांना काय! त्या दिवसापासून बाईजाने सकाळची चूल कधी पेटवली नाही, आणि नवसूने कधी मागितली नाही. ती का पेटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते त्या घरात कधी बोललं गेलं नाही.

स्पर्धेच्या पहाटे नवसूने रात्रीच्या भातात दही कालवलं आणि टोप सीझरपुढे ठेवला. परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या हातावर टेकवतात ते चमचाभर दही नव्हे बरं, टोपभर! सीझरने तो पुसून खाल्ला. नवसूला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, भरतीच्या मैदानावर मारतात तशा. पलीकडे माणसांची ही गर्दी, भोंगा, टाळ्या. सीझर मुळीच बिचकला नाही. नवसूने खूण केली आणि तो निघाला. पहिली उडी, दुसरी, फळी, सगळं बिनचूक, फक्त जरा जड. साहेब टाळ्या वाजवत होते. मग सीझर पाइपमध्ये शिरला, आणि बाहेर आलाच नाही.

लोक वाट बघत राहिले. नवसूला चुन्याच्या रेघांपलीकडे काही दिसेना. तो रेघ ओलांडून धावला, गुडघ्यांवर पडला आणि रांगत पाइपमध्ये शिरला. पन्नाशीचा माणूस कुत्र्याच्या पाइपमध्ये! लोक पोट धरधरून हसले. आत सीझर ओकला होता आणि ओकलेला दहीभात चवीने परत खात होता. नवसूला बघून त्याने शेपूट हलवली. नवसूने त्याच्या छातीवर हात ठेवला. धडधडत होती. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "काय घातलंस याला?"

"दहीभात."

"मी नको सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत."

"मग? वर्ष फुकट घालवलंस माझं! अक्कल गहाण ठेवलीस का?"

घरी आल्यावर नवसूने बाईजाला सगळं सांगितलं. दहीभात, पाइप, लोकांचं हसणं. तिने ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. आठव्या दिवशी सकाळी गोदामाची गाडी यायची होती. त्या पहाटे नवसूला धुराने जाग आली. चूल पेटली होती. बाईजा नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. तीन झाल्या. दोन तिने फडक्यात बांधल्या, वर सुकट ठेवलं आणि गाठोडं त्याच्यापुढे सरकवलं.

"त्याला," ती म्हणाली.

गाडीवरचा चंदर म्हणजे घाईचा माणूस. नवसूने भाकरी मोडायला घेतली तसा तो खेकसला, "काय घालू नको रे त्याला! गाडीत ओकेल."

"ओकूं दे!" नवसू ओरडला. असा ओरडला की विहिरीवरची पाखरं उडाली. "ओकेल तर धू तुझी गाडी! माझ्या हातनं उपाशी नाय जायचा तो!"

चंदर दोन पावलं मागे सरला. सीझर मात्र जागचा हलला नाही. शिंकेला भिणारं ते कुत्रं त्या ओरडण्यात शांतपणे खात होतं. दोन्ही भाकऱ्या संपल्या, नवसूचा तळवा चाटून झाला, मग तो आपण होऊन गाडीत चढला. गाडी गेली.

घरी बाईजा चुलीपाशीच बसून होती.

"गेला?"

"गेला."

"खाऊन गेला का?"

"दोन्ही खाल्ल्या." नवसू तिच्यासमोर खाली बसला. "त्या दिवशी मीच थांबवलं गो तुला."

"ठाव हाय," बाईजा म्हणाली. तव्याशेजारची तिसरी भाकरी तिने उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली. "खा आता."

नवसूने तुकडा मोडून तोंडात घातला. तोंडात घास तसाच ठेवून तो ढसाढसा रडायला लागला, आणि बाईजा त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली, "चाव. चाव आधी. गिळ."