सुकी पुरी

पाणीपुरी संपली की गाडीवाला हातावर एक सुकी पुरी ठेवतो. आज ती पोकळ पुरी पाहून मी आईला माझ्या प्रयोगशाळेतलं काम सांगितलं. विषाणूच्या कवचाची प्रथिनं जुळवून आम्ही असेच पोकळ गोळे करतो. आत विषाणू नसतोच. वर ज्या रोगजंतूचा तुकडा जोडू, तो जंतू शरीर आधीच ओळखायला शिकतं.

"सुमीच्या वेळी नव्हतं का गं हे?"

सुमी माझी धाकटी बहीण. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली; तोही बहुतेक वेळा एका विषाणूमुळेच होतो.

"अशी लस होती, आई. आपल्याला ठाऊक नव्हती."

आईच्या हातावरची सुकी पुरी नेहमी सुमीच पळवायची. आज आई तळहात तसाच पुढे धरून उभी राहिली.

"काय झालं मावशी?" गाडीवाल्याने विचारलं. "फुटकी आली का? बदलून देऊ?"